रूपककथेतील सत्ता : प्रचार आणि भय

जॉर्ज ऑर्वेल यांची ‘अ‍ॅनिमल फार्म’ (१९४५) ही स्टालिनकालीन सोव्हिएत राजवटीवरील रूपककथा आहे. तीत नेपोलियन या डुकराची सत्ता दोन आधारांवर उभी राहते. प्रचारक स्क्विलर शिध्यातील ‘कपाती’ला ‘फेरजुळणी’ म्हणतो. भिंतीवरील सात आज्ञांमध्ये गुपचूप शब्द वाढवले जातात. शंका निघताच जुना मालक जोन्स परतेल, अशी भीती घातली जाते. जोडीला नऊ कुत्र्यांची गुरगुर असतेच. म्हणजे प्रचार आपल्याच स्मरणाविषयी संशय निर्माण करतो आणि भय प्रश्न विचारू देत नाही. बहुतेक प्राण्यांना नीट वाचता येत नाही. बेंजामिन गाढवाला येते, परंतु तो बराच काळ गप्प राहतो. म्हणूनच केवळ साक्षरता पुरेशी नसते. बदललेला शब्द ओळखून वेळीच बोलावे लागते.