आमवाताची औषधे: लवकर सुरुवात, नेमके लक्ष्य

ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजेच आमवात, या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर हल्ला करते. वेदनाशामक गोळ्यांनी ठणका कमी होतो, पण सांध्यांची हानी थांबत नाही. म्हणून निदान होताच आजारालाच आवर घालणारी औषधे सुरू करतात.

त्यांत पहिली पसंती मेथोट्रेक्सेटला. ही गोळी आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी घ्यायची. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकते. सोबत फॉलिक अ‍ॅसिड देतात, रक्ताच्या आणि यकृताच्या तपासण्या नियमित करतात. गरोदरपणात हे औषध वर्ज्य आहे.

गुण यायला साधारण ६ ते १२ आठवडे लागतात; तोवर गरजेनुसार थोडे दिवस स्टेरॉइड देतात. ३ महिन्यांत सुधारणा दिसली नाही किंवा ६ महिन्यांत आजार आटोक्यात आला नाही, तर उपचार बदलतात: सल्फासलाझिन, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन यांची जोड किंवा जैविक औषधे. जैविक औषधांपूर्वी क्षयाची तपासणी आवश्यकच, कारण सुप्त क्षय त्यांमुळे उफाळू शकतो.

बरे वाटू लागले तरी औषध स्वतःच्या मनाने बंद करू नका. एकदा वाकडा झालेला सांधा कोणत्याही गोळीने सरळ होत नाही.