हॅमॉक, मामा आणि बिनगाठीची दोरी

धप्प! हॅमॉकमध्ये पाय टाकला आणि पुस्तक उघडायच्या आत मी जमिनीवर. ट्रेकची अख्खी गँग हसत होती. मीही हसले, पण खाली गवत होतं म्हणून. दोरी तुटली नव्हती, गाठ सुटली होती. आणि ती गाठ मीच मारली होती, अगदी कॉन्फिडन्टली!

दोरी भारीतली होती, डायनिमाची. हा धागा म्हणजे पॉलिथिलीनच, आपल्या कॅरीबॅगचा लांबचा नातेवाईक. फक्त याचे रेणू प्रचंड लांब आणि ओढून एका रेषेत आणलेले. नेदरलँड्समध्ये १९९० साली त्याचं कारखान्यातलं उत्पादन सुरू झालं. पावणेतीन मिलिमीटर जाडीची, बुटाच्या लेसएवढी दोरी सातशे किलोपर्यंतचा ताण सोसते. पण साबण लावल्यासारखी गुळगुळीत. साध्या गाठी तिच्यावर टिकतच नाहीत. ज्या टिकतात, त्या तिची ताकद निम्म्याच्या आसपास खाऊन टाकतात. कारण गाठीत दोरी करकचून वळते, बाहेरच्या बाजूचे धागे सगळा ताण घेतात आणि आतले नुसते बसून राहतात. (ऑफिसातल्या टीमसारखंच की!)

यावरचा उपाय म्हणजे स्प्लाइस. गाठ मारायचीच नाही. दोरीचं टोक दोरीच्याच पोटात घालायचं.

ही दोरी बारा पदरांची, आतून पोकळ विणलेली असते. टोक वळवून हवा तेवढा फासा ठेवायचा, पातळ तार दुमडून तिच्या बेचक्यात टोक अडकवायचं आणि पायजम्यात नाडी ओवतो तसं ते आठ इंच आत ओढून घ्यायचं. म्हणजे जाडीच्या साधारण बहात्तर पट. त्याआधी टोकाचे काही पदर कापून ते निमुळतं करायचं, नाहीतर आतलं टोक जिथे संपतं तिथे दोरीला एकदम पायरी पडते आणि ताण तिथेच साठतो. ओझं आलं की वीण लांबते, अरुंद होते आणि आतल्या टोकाला आवळते. जितकं ओढाल तितकं घट्ट.

दुसऱ्या टोकाला फासा लहानमोठा करता येईल असा ठेवायचा. तिथे टोक पाचसहा इंच आतून नेऊन पुन्हा बाहेर काढतात आणि ते पूर्ण निसटू नये म्हणून शेवटी अडकण ठेवतात. याला व्हूपी स्लिंग म्हणतात. झाडं लांब असोत की जवळ, हॅमॉकची उंची दोन मिनिटांत जमते. बाजारातला तयार सेट घेण्यापेक्षा पाच मीटर दोरीत दोन्ही बाजूंचं काम होतं आणि वर मिरवताही येतं.

मिरवायला मी गेले रिठदला. वाशीम जिल्ह्यात, रिसोड तालुक्यात माझं आजोळ आहे. दिवाळी होती, सोयाबीन घरात आलं होतं, शेतात दोन कडुनिंब अगदी हव्या त्या अंतरावर होते. मामेभावाची सात वर्षांची लेक पहिल्या दिवसापासून मागे लागलेली, ‘आत्या, मी पयले बसीन!’

मामा बांधावर बसून बघत होते. ‘काय करून रायली वं बाई?’

मी लेक्चर दिलं. गाठीने दोरी कमजोर होते वगैरे. मामा शांतपणे म्हणाले, ‘गाठीपाशीच तुटते दोर. हे काय आता समजलं का तुले?’

बैल होते तोवर मामा अंबाडीचे दोर घरीच वळायचे. शेताच्या कडेने अंबाडी पेरायची, पाला भाजीला, दांडे पाण्यात कुजवायचे, साल सोलून, धुऊन वाख काढायचा. मोठे दोरखंड मात्र गावातले मातंग कारागीर वळायचे. ती त्यांची पिढीजात कला. पोळ्याला बैलांना नवी वेसण, नवा कासरा, नवं दावं लागायचं. मग नायलॉन आलं, ट्रॅक्टर आला. गोठ्यातल्या खुंटीवर एक जुनं दावं अजून आहे. त्याच्या टोकाचा फासा बघितला आणि मी गप्पच झाले. गाठ नाही. तीन पदर उकलून ते दोराच्याच अंगात आलटून पालटून गुंफलेले. स्प्लाइसच की हा!

मामांनी माझी दोरी हातात घेतली. मी म्हटलं, ‘ओढून बघा मामा, जोर लावून.’ त्यांनी ओढली. हलली नाही. मग त्यांनी ती सैल सोडली, चिमटीत धरून दोनचारदा झटकली, आणि माझं आठ इंच आत घातलेलं टोक हळूच सरकायला लागलं.

‘वढून काय पाह्यतं? हालवून पाह्य नं.’

माझ्या पोटात गोळा आला. ओझं असताना ही गुंफण आवळते हे मला पाठ होतं. ओझं नसताना ती सैल पडते, हे माहीत असून मी सोडून दिलं होतं. पुण्याहून बॅगेत कोंबून आणताना टोक अर्धं सुटलं असणार. त्यासाठी शेवटी आरपार टाके घालायचे असतात. मी ते घातले नव्हते, कारण दिसायला छान दिसत नाहीत! आणि माझ्यानंतर त्यात बसणार होती ती पोर.

मामीने गोधडीची सुई आणि जाड दोरा दिला. फाशापासून सुरुवात करून आरपार टाके, मग दोरी पाव वळवून पुन्हा परत. वीस मिनिटांचं काम. झाडाला मात्र बारीक दोरी थेट बांधायची नाही, साल कापते. इंचभर रुंद पट्टा गुंडाळायचा आणि त्यात फासा अडकवायचा.

एक हिशेब लक्षात ठेवा. हॅमॉकच्या दोऱ्या आडव्या रेषेपासून तीस अंशात असतील, तर साठ किलोच्या माणसासाठी प्रत्येक दोरीवर साठ किलोचाच ताण येतो. ताणून सरळ, दहा अंशात बांधल्या तर तोच ताण एकशे सत्तरच्या पुढे जातो. म्हणून फ्लॅटच्या बाल्कनीत विटांच्या खांबाला किंवा रेलिंगला हॅमॉक बांधायची हौस बाळगू नका. सातशे किलोची दोरी टिकेल, खांब अंगावर येईल.

मामांनी आधी सोयाबीनचे दोन कट्टे हॅमॉकमध्ये ठेवायला लावले. रात्रभर. सकाळी टाके तपासले, मग पोर बसली. तासभर उतरेना. माझा नंबर दुपारी जेवणानंतर लागला.

संध्याकाळी मी मामांकडून दाव्याचा फासा शिकायला बसले. अंबाडी कुठली, सुताच्या दोरावरच. प्रत्येक पदर तीनदा घालायचा, एक वरून, एक खालून, पीळ न मोडता. नायलॉन असेल तर अजून दोनदा, ते घसरतं. माझा फासा तयार झाला. मामांनी हातात घेतला, ओढला नाही, नुसता झटकला. एक पदर बाहेर आला.

‘पुन्हा कर,’ म्हणाले.