उद्या पुन्हा येणाऱ्याचे जेवण

सेंट फ्रान्सिस झेवियर यांच्या अवशेषांचे दर्शन दर दहा वर्षांनी लोकांस खुले करण्याचा जो शिरस्ता जुन्या गोव्यात चालत आला आहे, त्यानुसार २०२४च्या नोव्हेंबरात ते पुन्हा सुरू झाले, आणि त्या गर्दीच्या दिवसांत पणजीस जाणे झाले असता, माझ्या तारुण्यातील बहुतेक मध्यान्हे ज्या खानावळीत गेली ती बंद होऊन तिच्या जागी मद्याच्या नाना मिश्रणांचे एक झगमगीत दालन थाटलेले मी पाहिले. भिंतींचा जुना निळा रंग तेवढा हौसेने राखला होता. हुमण, म्हणजे मासळीची आमटी, तेथेही मिळत होते. परंतु ते नारळाच्या करवंटीत, शेजारी मूठभर भात घेऊन आले, आणि मी आणखी भात मागितला तेव्हा त्याचे निराळे पैसे पडतील असे वाढणाऱ्या मुलाने अत्यंत अदबीने सांगितले. मुलगा परप्रांतीचा, धन्याच्या हुकमाचा ताबेदार. त्याच्यावर राग धरण्याचे कारण नव्हते. पण पणजीसारख्या गावात, जेथे नुस्ते, म्हणजे मासळी, महाग झाले तरी शीत कोणी मोजले नव्हते, तेथे भाताचा हिशेब लागावा, ही गोष्ट माझ्या मनाला लागली ती लागलीच. आणि पाहुण्याने या शहरात कोठे जेवावे हा प्रश्न गेल्या सत्तर वर्षांत कसकसा सुटत आणि बिघडत गेला, याचा मागोवा घ्यावा असे तेव्हापासून वाटत राहिले.

आरंभीच्या काळाविषयी फार लिहिण्यासारखे नाही. १८४३ साली पणजी रीतसर राजधानी झाली खरी, परंतु परक्या मनुष्याने येऊन पैसे देऊन जेवावे अशी भारदस्त जागा तेथे व्हावयास १९५२ साल उजाडावे लागले. त्या वर्षीच्या दर्शनास येणाऱ्या प्रतिष्ठित पाहुण्यांच्या बंदोबस्तासाठी नदीकाठी ‘मांडवी’ हॉटेल उभे राहिले, आणि पुढे कित्येक वर्षे शहरातील खाण्याची श्रेष्ठ पायरी म्हणजे त्या हॉटेलचे वरच्या मजल्यावरील भोजनगृह, असा दंडकच पडून गेला. १९६१च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला, मुंबई-पुण्याकडची मंडळी स्वस्त मद्य आणि परदेशी वस्तू यांच्या शोधात येऊ लागली, सत्तरीच्या दशकात आग्वादच्या किल्ल्याजवळ ताज समूहाचे हॉटेल झाले. या सर्व गोष्टी इतिहासाच्या वहीत नोंदवून ठेवण्यापुरत्याच. १९६४ आणि १९७४ची दर्शने मी पाहिली नाहीत, आणि जी भूक आपण अनुभवली नाही तिच्याविषयी अधिकाराने बोलू नये.

मी पणजीत राहावयास गेलो तो ऐंशीच्या दशकाच्या तोंडाशी, एका मराठी दैनिकात उपसंपादक म्हणून, आणि मळा या वस्तीत एका खोलीत बिऱ्हाड केले. चूल नसलेल्या मनुष्यास शहर जसे कळते तसे घरवाल्यास कळत नाही. त्या काळी कोठे खावे हे पहिल्याने घड्याळ ठरवीत असे. सकाळी पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलीचा भोंगा वाजून गेला की कॅफे भोसले, कॅफे तातो, कॅफे रियल यांपैकी जे वाटेवर पडेल तेथे पाव आणि भाजी. पातळ भाजी की सुकी एवढाच प्रश्न, आणि दोन्ही एकत्र मागणारा मनुष्य पणजीत मुरला असे समजावे. दुपारी खानावळ. संध्याकाळी तावेर्नात, म्हणजे दारूच्या गुत्त्यात, फेणीचा प्याला घेणारे घेत, आणि त्यांच्यासाठी पावात भरलेली चोरीस तेथेच मिळे. रात्रपाळी संपवून निघणाऱ्या आमच्यासारख्यांसाठी रस-आमलेटाचे गाडे: शागुतीचा दाट रस आमलेटावर ओतून, वर बारीक चिरलेला कांदा आणि लिंबू, आणि रस टिपून घ्यावयास पाव. ‘मांडवी’त जाणे व्हायचे ते मुंबईहून कोणी संपादक अथवा प्रकाशक आला आणि त्याने आग्रह केला म्हणजे. तेथील शुभ्र मेजवस्त्रे, हलक्या पावलांचे वाढपी आणि गच्चीवरून दिसणारे मांडवीचे पात्र यांचा मान मी आजही राखतो; परंतु तेथे जे पानात येई ते पाहुण्यासाठी शिजलेले असे, आणि खानावळीत जे येई ते शेजाऱ्यासाठी.

या भेदाचे मर्म मला त्या बंद झालेल्या खानावळीतच उमगले. तिची मालकीण गल्ल्यावर बसे. भाऊ पहाटे मासळी-बाजारात जाई, आणि त्याने आणलेल्या टोपलीवरून त्या दिवशीचे जेवण ठरे. यादी लावलेली नव्हती, ती लावण्याचे कारणही नव्हते. पानात उकड्या तांदळाचा भात, त्यावर हुमण. बांगड्याचे असेल तर त्यात तिरफळ, आणि ते ठेचून घालण्याचा त्यांचा हात असा अचूक की जिभेला झिणझिण्या येत पण माशाची चव झाकत नसे. रवा लावून तळलेली तुकडी, सुक्या सुंगटांचे किसमूर, तोराचे लोणचे, शेवटी सोलकढी. पावसाळ्यात समुद्र बंद असला की खाडीतले शेवटे, खुबे, नाहीतर सुके. सोमवारी तोंडाक आणि खतखते. आणि एखाद्या दिवशी मासळी मनासारखी मिळाली नाही तर आपण बसताच मालकीण स्वतःच सांगे, ‘‘आयज नुस्तें बरें ना, मुगागाठी खायात.’’ स्वतःच्या चुलीवर शिजत असलेला माल खाऊ नका असे गिऱ्हाइकास सांगणारा धंदेवाला मी त्यानंतर फारसा पाहिलेला नाही.

हा सद्गुण तिच्या स्वभावात होता हे खरे, परंतु त्याला एक बळकट कारणही होते. मांडवीच्या काठावर आदिलशहाच्या जुन्या राजवाड्यात तेव्हा सचिवालय होते, आणि तेथील कारकून, हेडक्लार्क, मामलतदार कचेरीतले तलाठी, वकिलांचे मुनशी, बँकांतले रोखपाल हे तिचे अन्नदाते. सव्वा वाजता ती मंडळी येत, दोनला परतत, आणि दुसऱ्या दिवशी सव्वा वाजता पुन्हा येत. शिळा बांगडा वाढला तर त्याची वार्ता चहाच्या वेळेपर्यंत सगळ्या खात्यांत पसरे, आणि दुसऱ्या दिवशी चार बाके रिकामी राहत. ज्या गिऱ्हाइकास उद्या पुन्हा तोंड दाखवावयाचे आहे त्याला फसवता येत नाही. आणि जो परवाच्या गाडीने गावी जाणार आहे त्याच्या नाराजीने कोणाचे काडीचेही नुकसान होत नाही. पर्यटनाच्या गावात खाण्याच्या बऱ्यावाइटाचे एवढेच एक सूत्र आहे, आणि तंबूच्या दुकानापासून तारांकित हॉटेलापर्यंत ते सारखेच लागू पडते.

या सूत्राची पारख त्याच दशकात झाली. १९८३च्या नोव्हेंबरात राष्ट्रकुलाचे प्रमुख दिल्लीच्या परिषदेदरम्यान विश्रांतीसाठी गोव्यात आले, आणि त्यांच्या निमित्ताने रस्ते गुळगुळीत झाले. पाठोपाठ १९८४-८५चे दर्शन आले आणि लाखो यात्रेकरू लोटले. त्याच सुमारास युरोपातून थेट भाड्याची विमाने उतरू लागली. पाहुणे वाढले तशी ‘गोव्याचे जेवण’ नावाची एक वस्तू विक्रीस सिद्ध होऊ लागली, आणि ती कोणी सिद्ध केली याविषयीचा माझा जुना दावा मी येथे मांडून ठेवतो. एका बड्या हॉटेलातील मुख्य आचाऱ्याने मला समजावून सांगितले होते की तिरफळ पाहुण्यांस सोसत नाही, म्हणून ते त्यांनी काढून टाकले आहे, आणि आंबटपणा कमी करून वर थोडी साय सोडतात. आणि हे सांगताना आपण स्वयंपाकात सुधारणा केली असा त्याचा खरोखरीचा विश्वास होता. मुंबईच्या एका साप्ताहिकाने ‘गोव्यात कोठे खाल’ असा जो लेख छापला त्यात बटाटे घातलेल्या विंदालूची मुक्तकंठाने स्तुती होती, आणि ज्या सारस्वत, गावडे, भंडारी घरांतून रोजचे अन्न शिजते त्यांच्या एकाही पदार्थाचे नाव नव्हते. मी उत्तरादाखल लिहिलेले पत्र त्यांनी छापले नाही. काफ्रियाल, सोरपोतेल, बेबिंक हे गोव्याचेच, आणि ख्रिस्ती बंधूंच्या घरी सणाच्या दिवशी ते ज्यांनी खाल्ले आहेत त्यांना त्यांची योग्यता ठाऊक आहे. माझे भांडण त्या पदार्थांशी कधीच नव्हते. भांडण होते ते अर्ध्या गोव्याचे पान यादीतून पुसून टाकण्याशी, आणि उरलेल्या अर्ध्याचे तिखट-आंबट काढून घेण्याशी.

५ जुलै १९८६ रोजी मांडवीवरचा पूल कोसळला. त्या आपत्तीचे सर्वांगीण वर्णन इतरांनी केले आहे. मी केवळ भुकेच्या बाजूने बोलतो. नदीपलीकडचे बेती आणि पणजी यांमध्ये फेरीबोटींवाचून दुसरा मार्ग उरला नाही, भर पावसात धक्क्यावर तासन्‌तास रांगा लागू लागल्या, आणि एरवी सहा वाजता घरी पोचणारा बार्देशातला कारकून आठ-साडेआठपर्यंत पणजीतच अडकू लागला. काही आठवड्यांतच धक्क्याच्या आसपास खाण्याचे एक निराळे गावच वसले: ताडपत्रीखाली भजी, मिरच्या, कपात ओतलेले सूप, रस-आमलेट. तिथे मंत्रालयातला अधिकारी आणि मासे विकून परतणारी बाई एकाच फळीवर बशी ठेवून खात असत. कोणी जाहिरात केली नव्हती, कोणी परवाना मिरवला नव्हता. आणि तरीही एकाही गाड्यावर खराब खाल्ल्याची तक्रार मला स्मरत नाही, कारण तेच गिऱ्हाईक उद्याच्या बोटीला तेथेच उभे राहणार होते. पणजीने आपल्या लोकांना इतक्या आपलेपणाने कधी खाऊ घातले असेल असे मला वाटत नाही.

पुढच्या वर्षांचा तपशील मला नीरस वाटतो. १९९८ला कोकण रेल्वे पुरी झाली, नदीत जुगाराची जहाजे नांगरली, २००४ पासून आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव कायमचा पणजीत आला. या प्रत्येक घटनेवर वर्तमानपत्रांतून रकाने भरले. ज्या घटनेवर खाण्याच्या दृष्टीने एक ओळही लिहिली गेली नाही ती मात्र सर्वांत दूरगामी ठरली: २००० साली विधानसभेची नवी वास्तू पर्वरीच्या पठारावर उभी राहिली, आणि सचिवालयही नदीपलीकडे गेले. सव्वा वाजताचा जेवणारा त्याच्या मागोमाग गेला. २०२१ साली उच्च न्यायालयही पर्वरीस हलले, आणि वकील व पक्षकार यांची दुपारची गर्दीही ओसरली. खानावळींच्या बाकांवर मग जे बसू लागले ते परवाच्या विमानाने जाणारे होते, आणि स्वयंपाक हळूहळू त्यांच्या मापाचा झाला. त्यात कोणाचे पाप शोधण्यापेक्षा कारण शोधणे अधिक न्यायाचे. माझ्या खानावळीची मालकीण वारली, मुलांनी जागा भाड्याने दिली, आणि भाडे असे ठरले की ते शीत-कढी विकून भरून निघणे अशक्य.

आज पाहुणा उतरण्यापूर्वीच त्याच्या हातातील यंत्रावर तारे मोजून मोकळा झालेला असतो. ते तारे देणारे कोण? बहुतांशी तेच, जे एकदा आले आणि परत येणार नाहीत. ज्या मनुष्याने एका जागी पाचशे वेळा जेवून तिथला बांगडा कोणत्या महिन्यात घ्यावा हे जाणले, त्याचे मत कोठेही नोंदले जात नाही. फोंताइन्यांस या जुन्या वस्तीतल्या रंगीत घरांच्या गल्ल्यांत छायाचित्रे काढणाऱ्यांचा इतका उपद्रव होऊ लागला की रहिवाशांना दारांवर मनाईच्या पाट्या लावाव्या लागल्या. घरांच्या रंगाविषयी जे झाले तेच पानातल्या रंगाविषयीही झाले आहे. कांपालला चार्ल्स कोरिया यांनी बांधलेल्या कला अकादमीच्या उपाहारगृहात नदीकडे तोंड करून गायक, नट आणि विद्यार्थी तासन्‌तास बसत. त्या वास्तूची डागडुजी २०२१ पासून चालून ती २०२३च्या अखेरीस पुन्हा उघडली, परंतु तो बसण्याचा परिपाठ मोडला तो मोडलाच. हेही मोकळेपणाने सांगितले पाहिजे की नव्या महागड्या भोजनगृहांपैकी काहींत तरुण आचारी तिरफळ, किसमूर, उड्डामेथी मोठ्या निष्ठेने परत आणीत आहेत, आणि त्यांच्या हाताला मी दाद देतो. पण त्यांचे पान पाहता पाहता एका कारकुनाच्या आठवड्याच्या पगाराला भिडते, आणि रोज जेवणारा मनुष्य तेथे रोज जाणार नाही.

माझा पुतण्या कुटुंबासह पणजीस निघाला तेव्हा त्याने विचारले, ‘‘काका, कुठं जेवू ते सांगा.’’ मी त्याला नावांची यादी दिली नाही. दुपारी सव्वा वाजता अठरा जून रस्त्यावर आणि एकतीस जानेवारी रस्त्यावर हिंड, एवढेच सांगितले. जेथे शर्टाच्या खिशात पेन असलेले, पण हातात डब्याची पिशवी नसलेले कार्यालयीन लोक बाकावर खेटून बसलेले दिसतील, जेथे वाढपी न विचारता दुसऱ्यांदा भात घालीत असेल, तेथे शिरावे. एकतीस जानेवारी रस्त्यावरचे आनंदाश्रम त्याला असेच सापडले. तिसऱ्यांचे सुके संपले होते, असे तो म्हणाला. ऐकून मला समाधान वाटले, कारण संपणारी वस्तू त्या दिवशीचीच असते.

अठरा जून रस्त्यावरच्या जुन्ता हाऊसमधील सरकारी कार्यालये हलवण्याविषयी वरचेवर बोलले जाते. इमारत जुनी झाली असेल तर ती अवश्य दुरुस्त करावी अथवा नवी बांधावी. पण ती खाती पर्वरीस अथवा आणखी कोठे न नेता पणजीच्या मध्यवस्तीतच चालत्या पायांच्या टप्प्यात ठेवावीत, आणि आदिलशहाच्या राजवाड्यात नुसती प्रदर्शने न भरवता निदान दोन खाती तेथे परत आणावीत, अशी माझी गोवा सरकारास जाहीर विनंती आहे. खानावळींना अनुदान नको, पारितोषिके नकोत, पर्यटन खात्याच्या पुस्तिकेत नावही नको. सव्वा वाजता जेवावयास येणारी आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येणारी दोन-तीनशे माणसे त्यांना परत मिळाली, तर बाकीचे त्या पाहून घेतील.