तळ्यावरून ठेवलेलं नाव

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

लातूरच्या एका शाळेत मी इंग्रजी शिकवीत होतो तेव्हाची गोष्ट. आठवीचा वर्ग. अवांतर वाचनाच्या पुस्तकात मोगलीची गोष्ट होती, म्हणून मी फळ्यावर लेखकाचं नाव लिहिलं, रुडयार्ड किपलिंग. मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "सर, हे यार्ड म्हणजे आपल्या मार्केट यार्डातलंच का?" त्याचे वडील तिथे आडतीवर हमाली करायचे. सगळा वर्ग हसला, मीही हसलो. त्याला खाली बसवलं आणि धडा पुढे नेला. पुष्कळ वर्षांनी माझ्या लक्षात आलं, की त्या पोराचं बरोबर होतं. चुकलो होतो तो मी.

हा किपलिंग तसा आपल्याच मुलखात जन्मलेला. ३० डिसेंबर १८६५ रोजी, मुंबईत, जे. जे. कला विद्यालयाच्या आवारात. वडील जॉन लॉकवुड किपलिंग हे त्या विद्यालयात शिल्पकला शिकवायला विलायतेहून आले होते. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटच्या, म्हणजे आजच्या महात्मा फुले मंडईच्या दरवाजांवर जी दगडी शिल्पं आहेत, ती त्यांच्याच हातची. आई ॲलिस मॅकडोनल्ड. लग्नाच्या वर्षीच हे जोडपं बोटीने मुंबईला आलं आणि त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांना हा मुलगा झाला.

त्याचं पहिलं नाव जोसेफ, ते आजोबांचं. नातवाला आजोबांचं नाव द्यायची रीत आपल्याला नवी नाही. पण पुढे रुडयार्ड कुठून आलं? असं नाव तोवर इंग्रजांतही कोणी सहसा ठेवीत नव्हतं. त्याचं उत्तर इंग्लंडच्या स्टॅफर्डशायर परगण्यात आहे. तिथे लीक नावाच्या गावाजवळ रुडयार्ड नावाचं तळं आहे. १८६३ साली त्या तळ्याकाठी काही मंडळी सहलीला जमली होती. त्या सहलीत जॉन आणि ॲलिस यांची ओळख झाली. दोन वर्षांनी, हजारो कोस दूर मुंबईच्या दमट हवेत मुलगा झाला, तेव्हा त्यांनी त्याला त्या तळ्याचं नाव दिलं. घरात हाक मात्र 'रडी'. इंग्रजीत त्याचा अर्थ तांबूस, लालबुंद. आपल्या कानाला तो भलताच लागतो, त्याला इलाज नाही.

ते तळंही काही देवाघरचं नव्हे. अठराव्या शतकाच्या अखेरीस एका कालव्याला पाणी कमी पडू लागलं, म्हणून बांध घालून केलेला तो साठवण तलाव. म्हणजे जातकुळी आपल्या विष्णुपुरीची किंवा मांजरा धरणाची. आता विचार करा, नांदेडच्या एखाद्या जोडप्याची पहिली भेट विष्णुपुरीच्या बांधावर झाली म्हणून त्यांनी मुलाचं नाव विष्णुपुरी ठेवलं, तर बारशाला जमलेल्या आत्याबाई काय म्हणतील! तळ्याचं मोल आपल्याला कळत नाही असं नाही. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, ते दिवस ज्यांनी काढले त्यांना तळ्याची थोरवी कोणी सांगायला नको. तरीपण मांजरा नावाची मुलगी मी आजवर पाहिलेली नाही. तेरणा नाही, मन्याड नाही, लेंडीचं तर नावच नको. गोदावरी मात्र गल्लोगल्ली होत्या.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येतो. रुडयार्ड हे नाव तळ्याच्या कितीतरी आधीचं, तिथल्या वस्तीचं. इंग्लंडच्या राजाने १०८६ साली गावोगावची जमीन आणि धारा यांची मोठी नोंद करून घेतली होती, तिच्यातही हे गाव सापडतं. स्थलनामांचे अभ्यासक या नावाची फोड अशी करतात. पहिला भाग 'रू' नावाच्या वनस्पतीचा आणि दुसरा भाग म्हणजे कुंपण घातलेली जागा, आवार. हेच ते यार्ड! मार्केट यार्डातलं, रेल्वे यार्डातलं. इंग्रजीतला गार्डन हा शब्दही याच कुळातला. आणि ही रू म्हणजे कोण? तर आपली सताप. तुळशी वृंदावनाजवळ लावलेली, उग्र वासाची, तान्ह्या मुलाला पडसं झालं की जुन्या बायकांना आठवणारी ती सताप. तेव्हा या जगप्रसिद्ध लेखकाच्या नावाचा साधा मराठी अर्थ होतो, सतापीचं परस. हे मला त्या तासाला ठाऊक असतं, तर त्या मुलाला मी पुढच्या बाकावर बसवलं असतं.

किपलिंगला १९०७ साली साहित्याचं नोबेल मिळालं, इंग्रजीत लिहिणाऱ्यांत पहिलं. तो साम्राज्याचा कट्टर भाट होता आणि त्याची ती मतं आपल्याला पटणं शक्य नाही, पण त्याची कीर्ती खरी होती. एवढा कीर्तिमान माणूस झाला की त्याच्या नावाची मुलं घरोघरी निपजतात. इथे तसं फारसं झालं नाही. खुद्द त्याच्या घरातही नाही. मुलाला त्याने आजोबांचं जॉन हे नाव दिलं, आणि तो जॉन १९१५ साली पहिल्या महायुद्धात, फ्रान्समध्ये लूसच्या लढाईत, अठरा वर्षांचा असताना गेला. थोरली मुलगी त्याआधीच लहानपणी वारलेली. उरलेली मुलगी एल्सी १९७६ साली निवर्तली, तिला मूलबाळ नव्हतं. वंशच खुंटला, तिथे नाव पुढे कोण नेणार? अमेरिकेत मात्र एक गंमत झाली. मिशिगन राज्यात एका रेल्वे अधिकाऱ्याने दोन ठिकाणांना नावं दिली, एकाला रुडयार्ड आणि दुसऱ्याला किपलिंग. गावाचं नाव माणसाला लागलं आणि माणसावरून ते पुन्हा गावाला गेलं.

गावावरून आलेलं नाव रुजायचं की नाही, याचा काही नियम दिसत नाही. नाइटिंगेल घराण्यातल्या दोघी बहिणींचंच बघा. आईवडील इटलीत प्रवासाला गेले असताना दोघी जन्मल्या. १८१९ साली झालेली थोरली नेपल्स शहरातली, म्हणून त्या जागेच्या प्राचीन ग्रीक नावावरून ती पार्थेनोपी. पुढच्या वर्षी १२ मे रोजी झालेली धाकटी फ्लॉरेन्स शहरातली, म्हणून ती फ्लॉरेन्स. तेव्हा इंग्रज मुलींत ही दोन्ही नावं विरळाच. पुढे क्रिमियाच्या युद्धात धाकटीने जखमी सैनिकांची सेवा केली आणि तिचं नाव इंग्लंडभर मुलींना ठेवलं जाऊ लागलं. आज नांदेड-लातूरच्या नर्सिंगच्या मुलीही १२ मे रोजी तिच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावतात. थोरलीचं नाव मात्र तिच्याबरोबरच राहिलं. आणखी एक सांगतो. आपले शेवटचे व्हाइसरॉय माउंटबॅटन यांची एक नात १९६७ साली जन्मली, तिचं नाव इंडिया. राज्य सोडून गेले आणि वीस वर्षांनी देशाचं नाव घरात पाळण्यात घातलं!

आपल्याकडे गाव राहतं ते आडनावात. निलंगेकर, चाकूरकर, औसेकर ही नावं घेतली की अर्धा लातूर जिल्हा फिरून होतो. नांदेडात कुणीही 'कुरुंदकर गुरुजी' म्हणालं, की नरहर कुरुंदकरांबरोबर हिंगोली जिल्ह्यातल्या कुरुंदा गावाचाही उल्लेख होतो, बोलणाऱ्याला पत्ता नसला तरी. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारी आणि भोवतालची गावं जुनी जागा सोडून नव्या जागी वसवावी लागली, तेव्हा माती तिथेच राहिली आणि नावं तेवढी सोबत आली.

पहिल्या नावात आपण गाव घेतो ते देवाच्या किंवा तीर्थाच्या वाटेने. पंढरी, काशिनाथ, तुळजाराम, परळीचा वैजनाथ, औंढ्याचा नागनाथ. बायकांत मथुराबाई, द्वारकाबाई, अयोध्याबाई, गयाबाई. आमच्या शेताशेजारी मदिनाबी होत्या. मी बरीच वर्षं असं समजत होतो, की इंग्रज आपल्या आयुष्यातला प्रसंग नावात ठेवतात आणि आपण नुसतं पुण्य ठेवतो. माझा हा समज माझ्या थोरल्या चुलतीने मोडला.

चुलतीचं नाव प्रयागबाई. गाव औसा तालुक्यातलं. तिचं निराधारांचं अनुदान एका कचेरीत अडकलं होतं, कारण रेशनकार्डावर नाव पिरागबाई आणि बँकेच्या पुस्तकात प्रयागबाई. बोलताना सगळे पिराग म्हणायचे, लिहिणाऱ्याने ऐकलं तसं लिहिलं. साहेबांचं म्हणणं, या दोन बाया आहेत. सात महिने एक पैसा आला नाही. म्हातारीची औषधं उधारीवर चालली होती. शेवटी मी तिला मोटरसायकलवर बसवून तालुक्याला नेलं. स्टँपपेपरवर प्रतिज्ञापत्र करायचं ठरलं, की दोन्ही नावांची बाई एकच. टंकलेखकाच्या टपरीसमोर बाकावर बसलो असताना मी सहज विचारलं, "काकू, तुझं नाव ठेवलं कुणी?"

तिने सांगितलं ते असं. तिच्या जन्माच्या वर्षी गावातले तिघेजण त्रिस्थळी यात्रेला गेले होते, काशी, प्रयाग आणि गया. त्यांत तिचे आजोबा. थोडं चालत, थोडं आगगाडीने. निघून पाच-सहा महिने झाले तरी काही खबर नाही, तेव्हा घरच्यांनी आशा सोडली होती. ज्या दिवशी गंगेच्या पाण्याचे गडू घेऊन तिघे वेशीत आले, त्यानंतर आठ दिवसांत तिचा जन्म झाला. त्याच वर्षी इतर दोघांच्या घरीही नाती झाल्या. तिघांनी तीन गावं वाटून घेतली. एक काशीबाई, एक गयाबाई, आणि ही प्रयागबाई. तिघी एकाच गल्लीत वाढल्या, एकाच बारवेवर पाणी भरलं, आणि लग्नं होऊन तीन दिशांना गेल्या. काशीबाई आणि गयाबाई आता नाहीत.

प्रयाग तिने स्वतः कधी पाहिलं नाही. तिचं जाणं-येणं औसा, निलंगा आणि वर्षाकाठी तुळजापूर एवढंच. २०१८ साली अलाहाबादचं प्रयागराज झालं, तेव्हा नातू तिला कौतुकाने सांगायला गेला. तिला अलाहाबाद हे नावच ठाऊक नव्हतं, त्यामुळे बदललं काय ते तिला कळेना.

प्रतिज्ञापत्र झालं, तिने अंगठा उमटवला. टंकलेखक भला माणूस. म्हणाला, "आजी, रेशनकार्डावरचं पिराग खोडून नीट करून घेऊ का? पुढं घोर नको." म्हातारीने कार्ड ओढून पदरात धरलं. म्हणाली, "खोडू नका बाबा. मला हाक त्याच नावानं मारत्यात."