परमिट आहे का?

शुक्रवार, संध्याकाळचे साडेसात. स्टोरी मेल केलेली, जुनं पेमेंट एकदाचं आलेलं आणि नेमका आईचा फोन. 'जेवायला येतेस ना?' 'नाही गं, मैत्रिणींबरोबर आहे.' 'कुठे?' 'टाउनला.' सत्तावीस पूर्ण झाली तरी 'बारमध्ये' हा शब्द तोंडातून निघत नाही. तुमचंही असंच होतं ना?

आम्ही तिघी. बेत साधा: एका रात्रीत कुलाबा, तेही चालत.

सुरुवात अर्थातच लिओपोल्डपासून. 1871 पासूनचं हे ठिकाण. 26 नोव्हेंबर 2008 ला इथे गोळीबार झाला आणि काही दिवसांतच दारं पुन्हा उघडली. भिंतीवरच्या गोळ्यांच्या खुणा तशाच ठेवल्यात. त्यांच्याखाली बसून पर्यटक बीअर पितात, फोटो काढतात. पहिल्यांदा विचित्र वाटतं. मग वाटतं, बंद पडलं असतं तर ते जास्त विचित्र झालं असतं.

तिथून पाच मिनिटांवर माँडेगर. भिंतीभर मारिओ मिरांडांची जाडीबारीक माणसं, ज्यूकबॉक्स आणि ओरडून मारायच्या गप्पा. खिसा हलका व्हायला लागला की ताजच्या मागच्या गल्लीत वळायचं. तिथे गोकुळ! हे पब-बिब नाही, सरळ परमिट रूम. बाजूलाच बडेमियाँच्या कबाबांचा धूर.

'परमिट रूम' म्हणजे काय, कधी विचार केलाय? आपल्याकडे 1949 चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे. दारू प्यायची तर परवाना हवा, आणि तो मिळतो आरोग्य राखण्यासाठी! म्हणजे सरकारदरबारी आपण सगळे औषधच घेतोय. मी हजार रुपये भरून आजीवन परवाना काढलाय. तो आईला सापडला तेव्हा तिने काळजीने विचारलं होतं, 'तुला नेमकं काय झालंय?' मी म्हटलं, 'अगं, एका लेखासाठी काढलाय.' तेही खोटंच.

सरकारचं परमिट पर्समध्ये असलं तरी बाकीची परमिटं बाकीच असतात. आमच्या उपनगरातल्या एका बारच्या दारात मॅनेजरने विचारलं होतं, 'मॅडम, बरोबर जेन्ट्स कोण आहेत?' जानेवारी 2020 मध्ये मुंबई चोवीस तास सुरू ठेवायचा निर्णय झाला, त्यातून बार-पब वगळले गेले. आणि मुलींची रात्र? ती घरच्या फोनवरच संपते.

साडेबाराला दोघी सीएसएमटीकडे गेल्या. मी चर्चगेटला पोचले आणि मोबाइल बंद पडला. शेवटची बोरिवली लोकल. लेडीज डब्यात चार बायका, दाराशी एक पोलीस. भीती अशी वाटली नाही. पण अंधेरीच्या आसपास लख्खकन जाणवलं, मी या क्षणी कुठे आहे हे घरात कुणालाच माहीत नाही. आणि ही सोय मीच करून ठेवली होती.

घरी पोचले तेव्हा दोन वाजून गेले होते. आई गॅलरीत उभी.

'कुठे होतीस?'

'बारमध्ये.'

ती गप्प. मग म्हणाली, 'हे साडेसातला सांगितलं असतंस, तर बाबा स्टेशनवर आले असते.'

पुढच्या शुक्रवारी पुन्हा बेत आहे. ठिकाणांची नावं आईला आधीच देऊन ठेवलीत. 'गोकुळ' ऐकल्यावर तिने विचारलं, 'तिथे दूध मिळतं का गं?'

निघण्याआधी...
- महाराष्ट्रात बीअरसाठी वय 21, हार्ड लिकरसाठी 25.
- परवाना एका दिवसाचाही मिळतो.
- मोबाइल चार्ज करा. आणि खरं ठिकाण कुणाला तरी सांगा!