सात त्रिक एकवीस : ‘बर्न’बद्दलचे गैरसमज

‘लाल लँड टाकायचं, वीज पाडायची, यात डोकं कुठे लागतं?’ बर्न डेक घेऊन बसणाऱ्याला हा टोमणा कधी ना कधी ऐकावा लागतोच. ‘मॅजिक : द गॅदरिंग’ या पत्त्यांच्या खेळात दोघा खेळाडूंकडे प्रत्येकी २० लाइफ असतात. ड्रॅगनांची फौज जमवत न बसता लाल मंत्रांनी त्या विसांवर थेट मारा करत राहणं, म्हणजे बर्न. त्यात डोकं लागत नाही, हा त्याच्याबद्दलचा सर्वांत जुना गैरसमज.

१९९३च्या पहिल्याच संचातलं ‘लाइटनिंग बोल्ट’ घ्या. एका लाल मानात (म्हणजे लँडमधून मिळणाऱ्या शक्तीत) ३ डॅमेज. २० लाइफ संपवायला अशी सात पानं लागतात. आता ६० पानांच्या डेकमध्ये २० लँड धरा, म्हणजे तिनातलं एक पान लँड. दुसऱ्या क्रमांकाने खेळणाऱ्याच्या हाती चौथ्या टर्नपर्यंत सुरुवातीची ७ आणि ओढलेली ४ अशी ११ पानं येऊन गेलेली असतात. त्यात सरासरी साडेतीन-चार लँड, बाकी सातेक मंत्र. सात त्रिक एकवीस! खेळाचा कर्ता रिचर्ड गारफील्ड गणितातला पीएचडी आहे, हे इथे आठवतं. हिशेब इतका काठावरचा असतो की तीनऐवजी दोनच डॅमेज करणारी दोन पानंही अंगाशी येतात. समोरचा मात्र नकळत मदत करतो. मॉडर्न फॉरमॅटमध्ये डेकमधून दुसरं लँड शोधून आणणाऱ्या फेचलँडसाठी १ आणि शॉकलँड लगेच वापरायचं तर २ लाइफ तो स्वतःच मोजतो. म्हणजे एक बोल्ट फुकटात.

‘सगळं तोंडावरच मारायचं’ हेही अर्धसत्य. पहिल्या टर्नला ‘गॉब्लिन गाइड’ हा प्राणी उतरवला तर तो दर हल्ल्याला २ डॅमेज करतो. त्याची वाट अडवणारा प्राणी बोल्टने मारल्यावर गाइडचे आणखी दोन हल्ले पोचणार असतील, तर ३ खर्चून ४ मिळाले. एकच पोचणार असेल, तर बोल्ट तोंडावरच. हा अंदाज दर टर्नला नव्याने बांधावा लागतो. माझ्या मते नवखा आणि मुरलेला बर्न खेळाडू इथेच ओळखू येतात.

लाइफ वाढवलं की बर्न संपला, असंही म्हणतात. त्याच पहिल्या संचात ‘हीलिंग साल्व्ह’ हे पांढरं पान होतं. एका मानात ३ लाइफ. बोल्टच्याच किमतीत बोल्टची भरपाई. तरीही साल्व्हला कुणी विचारत नाही. त्याने एक बोल्ट फुकट जातो खरा, पण बाजू इंचभरही पुढे सरकत नाही. बर्नला खरा धाक असतो तो हल्ला करता करता पुन:पुन्हा लाइफ देणाऱ्या प्राण्यांचा.

आक्रमक लाल डेक हा पोरखेळ नव्हे, हे १९९६ साली अटलांटात दिसलं होतं. जे श्नायडरने रचलेला, किरकोळ दिसणाऱ्या गॉब्लिन-ऑर्कांचा डेक घेऊन पॉल स्लाय प्रो टूरच्या पात्रता स्पर्धेत दुसरा आला. दर टर्नचा माना पुरेपूर वापरला जाईल अशी पानांची रचना, हे त्या डेकचं मर्म. त्या शैलीला आजही ‘स्लाय’ म्हणतात.

राहता राहिलं नशीब. २००६च्या होनोलुलू प्रो टूरच्या उपांत्य फेरीत क्रेग जोन्स ऑलिव्हिए रुएलसमोर हरण्याच्या बेतात होता. हातातलं ‘चार’ (हे पानाचं नाव, आकडा नव्हे) त्याने बचावासाठी न वापरता थेट रुएलवर टाकलं आणि पुढच्याच पानाला ‘लाइटनिंग हेलिक्स’ ओढून सामना जिंकला. ‘१६,००० डॉलरचं हेलिक्स’ म्हणून ते पान अजून ओळखलं जातं. पान नशिबाने आलं, मान्य. पण आधीचं ‘चार’ बचावात खर्च झालं असतं, तर ते हेलिक्स येऊनही पुरलं नसतं. अंतिम फेरीत जोन्स मार्क हर्बरहोल्झकडून हरला. त्या विजेत्या डेकमध्येही ‘चार’ होतंच.