पोरं दिवसभर कुठं ठेवायची?

निवडणुका आल्या की वस्तीत उमेदवार येतात. विहाराच्या दारात चपला काढतात, तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेला हार घालतात, वंदना होते आणि मग भाषण सुरू होते. समाजमंदिराला पत्रे, गल्लीला लाद्या, जयंतीला वर्गणी. अशा सभांना सतरंज्या घालण्याचे आणि खुर्च्या लावण्याचे काम आम्ही अनेक वर्षे केले आहे.

अशाच एका सभेत मागे बसलेली एक ताई उभी राहिली. चार घरची धुणीभांडी करून संसार चालवणारी. ती म्हणाली, "साहेब, मी सकाळी सहाला घर सोडते. धाकटा तीन वर्षांचा. त्याला बघायला आठ वर्षांच्या पोरीला घरी ठेवते, तिची शाळा बुडते. मागच्या महिन्यात पोरगं स्टोव्हवर पडून भाजलं. आमची पोरं दिवसभर कुठं ठेवायची, तेवढं सांगा."

उमेदवार हसले. म्हणाले, "ताई, हा घरगुती प्रश्न आहे, सभेनंतर बोलू." सभा संपताच त्यांची गाडी निघून गेली. खुर्च्या उचलताना आमची मान खाली गेली. कारण त्या ताईला "बसा, बसा" म्हणून खुणावणाऱ्यांत आम्हीही होतो.

हा प्रश्न घरगुती आहे की देशाचा? अमेरिकेतल्या एका कृष्णवर्णीय स्त्रीने तो थेट राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत नेला होता. त्यांचे नाव शर्ली चिझम. त्यांची हकीकत आपल्या घराघरांत वाचली जावी, असे आम्हाला वाटते.

चिझमबाईंचा जन्म ३० नोव्हेंबर १९२४ चा, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातला. वडील गयानाहून आलेले, पोत्यांच्या कारखान्यात मजुरी करणारे. आई बार्बाडोस बेटावरची, शिवणकाम करणारी, लोकांच्या घरी राबणारी. दोघांनी कामावर जायचे तर मुलींना सांभाळायचे कोणी? शेवटी शर्लीला आणि तिच्या बहिणींना बार्बाडोसला आजीकडे पाठवावे लागले. तेव्हा ती अगदी लहान होती. परत आली १९३४ साली. पोरे कुठे ठेवायची या प्रश्नापायी एवढ्याशा लेकरांची आईबापांपासून कित्येक वर्षे ताटातूट झाली.

ती मुलगी शिकली. १९४६ साली ब्रुकलिन कॉलेजातून पदवी घेतली. पुढे कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजातून बालशिक्षणाची उच्च पदवी मिळवली. ज्या कोलंबियात आपले बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात शिकले, तेच हे विद्यापीठ. पण चिझमबाईंची खरी शाळा पाळणाघरात भरली. हार्लेममधल्या पाळणाघरात त्या शिक्षिका होत्या, नंतर दुसऱ्या एका बालकेंद्राच्या संचालिका झाल्या, आणि १९५९ पासून न्यूयॉर्क शहराच्या पाळणाघर विभागात सल्लागार. कामावर जाणारी आई सकाळी कोणत्या धास्तीने मूल सोपवते, हे त्यांनी रोज डोळ्यांनी पाहिले होते.

१९६४ साली त्या न्यूयॉर्क राज्याच्या विधानसभेत निवडून आल्या. तिथे त्यांनी घरकाम करणाऱ्या स्त्रियांना बेकारी विम्याचा लाभ मिळवून देणारा कायदा करून घेतला. बाळंतपणासाठी नोकरीत खंड पडला तर शिक्षिकेची सेवाज्येष्ठता बुडू नये, असाही कायदा करून घेतला. आम्ही कारकून माणसे. सेवाज्येष्ठता म्हणजे काय, ते आम्हाला विचारा. एका खंडापायी उभ्या आयुष्याची बढती मागे पडते.

१९६८ साली त्या अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहावर निवडून आल्या. तिथे पोहोचणारी ही पहिली कृष्णवर्णीय स्त्री. "कुणी विकत न घेतलेली आणि कुणाच्या हुकमात नसलेली" या अर्थाची त्यांची घोषणा होती. शहरी गरिबांच्या या प्रतिनिधीला नेमले कुठे? तर शेती समितीवर, त्यातही जंगलांच्या उपसमितीवर! त्यांनी भर सभागृहात त्याला विरोध केला. नव्या सभासदाने निमूटपणे ऐकायचे असते हा तिथला रिवाज त्यांनी मोडला आणि नेमणूक बदलून घेतली.

आता मुख्य गोष्ट. १९७१ साली चिझमबाई आणि त्यांच्या सहकारी बेला अॅबझुग यांनी पाळणाघरांचे विधेयक मांडले. कामकरी आईबापांच्या मुलांसाठी सरकारी मदतीने देशभर पाळणाघरे असावीत, तिथे सांभाळाबरोबर शिक्षण, पोषण आणि आरोग्यही पाहिले जावे, असा विचार त्यामागे होता. नुसते गोड शब्द नव्हते. सुरुवातीला पाच अब्ज डॉलर आणि १९७५ पर्यंत दहा अब्ज, असा आकडा त्यांनी लिहून दिला होता. आम्ही बी.कॉम. झालेली माणसे आधी आकडा पाहतो. ज्या वचनापुढे रक्कम नाही, ते वचन खतावणीत चढत नाही.

शेवटी दुसऱ्या सभासदांचे, सुमारे दोन अब्ज डॉलरचे विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर झाले. पण ९ डिसेंबर १९७१ रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी नकाराधिकार वापरून ते परत पाठवले. मुले वाढवण्याचे काम कुटुंबाचे आहे, सरकारने ते सामुदायिक पद्धतीने करू नये, असे कारण दिले. आमच्या सभेतले उमेदवार आठवा. "हा घरगुती प्रश्न आहे." समुद्रापार तेच उत्तर! नकार उलटवण्यासाठी लागणारे दोनतृतीयांश बहुमत काही जमले नाही.

त्यानंतर दीड महिन्याने, २५ जानेवारी १९७२ रोजी, चिझमबाईंनी ब्रुकलिनमध्ये जाहीर केले की आपण राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी डेमोक्रॅटिक पक्षात उभ्या आहोत. हाताशी पैसा नाही, पक्षाचे पुढारी पाठीशी नाहीत. टीव्हीवरच्या चर्चेत जागा मिळावी म्हणून कायद्याची लढाई द्यावी लागली. पुष्कळ कृष्णवर्णीय पुरुष पुढाऱ्यांनीही साथ दिली नाही. काळी असण्यापेक्षा बाई असण्याचा अडथळा आपल्याला जास्त आला, असे त्या सांगत. हे वाक्य आपल्या समाजातल्या पुरुष कार्यकर्त्यांनीही मनाशी घोकावे. अधिवेशनात त्यांना सुमारे १५२ प्रतिनिधींची मते मिळाली. उमेदवारी दुसऱ्याला गेली.

हरल्या, म्हणजे संपल्या का? त्याच १९७२ साली गरीब गरोदर व स्तनदा माता आणि लहान मुले यांच्या पोषणाची योजना कायद्यात आली. ती उभी करण्यात इतरांबरोबर चिझमबाईंचाही हात होता. दूध, अंडी, लोहयुक्त धान्य असा आहार त्यात मिळतो. आई किंवा बाळ पोषणात कमी पडते आहे का, याची आरोग्य तपासणी होते, त्यामुळे आहाराबरोबर दवाखान्याशीही गाठ पडते. ही योजना तिथे आजही चालू आहे.

आणखी एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. जॉर्ज वॉलेस हे अलाबामाचे गव्हर्नर, वर्णभेदाचे कडवे पुरस्कर्ते आणि त्याच निवडणुकीतले एक उमेदवार. मे १९७२ मध्ये त्यांच्यावर गोळीबार झाला. चिझमबाई त्यांना भेटायला इस्पितळात गेल्या. स्वतःचे लोक भयंकर रागावले. जे तुमच्यावर झाले ते कुणावरही होऊ नये, या भावनेने त्या गेल्या होत्या. पुढे १९७४ साली घरकामगार स्त्रियांना किमान वेतन देण्याचा कायदा आला, तेव्हा दक्षिणेकडच्या सभासदांची मते मिळवून देण्यात वॉलेस यांनी मदत केली, असे त्यांनीच सांगितले आहे. वैराने वैर शमत नाही, हे तथागतांचे वचन आपण नित्य म्हणतो. ते निवडणुकीच्या धामधुमीत पाळणे किती अवघड!

चिझमबाई १९८३ पर्यंत सभागृहात होत्या. १ जानेवारी २००५ रोजी त्यांचे निधन झाले. २०१५ साली त्यांना मरणोत्तर राष्ट्राध्यक्षीय स्वातंत्र्यपदक देण्यात आले.

आता आपल्याकडे वळू. हा विचार आपल्याला नवा नाही. १९२८ साली मुंबई विधिमंडळात बाबासाहेबांनी गिरणी-कारखान्यांतल्या स्त्रियांच्या प्रसूती विधेयकाला जोरदार पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी व नंतर आईला विश्रांती मिळणे यात राष्ट्राचे हित आहे, असे त्यांनी मांडले. १९२९ साली तो कायदा झाला. २ ऑक्टोबर १९७५ पासून देशात अंगणवाड्या सुरू झाल्या. २०१७ च्या दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेत पाळणाघर बंधनकारक झाले. पण चार घरी भांडी घासणाऱ्या ताईची आस्थापना कोणती? तिच्या पोराचे पाळणाघर कोणी काढायचे? २०२२ पासून अंगणवाडीला जोडून पाळणाघर चालवण्याची 'पाळणा' योजना कागदावर आहे. ती आपल्या वस्तीपर्यंत आली का, हे विचारणे आपले काम आहे.

म्हणून भगिनींनो, उमेदवार दारात आला की तीन गोष्टी विचारा. आमच्या मुलांसाठी आणि दवाखान्यासाठी तुम्ही आजवर काय केले? पुढे जे करणार म्हणता, त्याला रकमेची तरतूद किती? आणि ते कोणत्या कायद्यात किंवा ठरावात लिहिणार? तोंडी उत्तर मिळाले तर वहीत उतरवा, तारीख घाला, खाली सही मागा. वही संभाळून ठेवा. पाच वर्षांनी तीच पुढे करा.

त्या ताईच्या पोराच्या हातावरचा डाग अजून गेलेला नाही. पुढच्या सभेत ती उभी राहील तेव्हा तिला कोणी खाली बसवणार नाही, एवढे आम्ही ठरवले आहे. त्या सभेत पहिली खुर्ची आम्ही तिच्यासाठी लावू.

जय भीम.